चौदा वह्या आणि माळ्यावरची भांडी

जानेवारी 2023 मध्ये सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या घरात तीन दिवस चित्रे लागली होती. सव्वीस चित्रे, सगळी भांड्याकुंड्यांची. ती लावायला मी होतो. त्याआधी 2018 मध्ये याच चित्रकर्तीचे पुण्यात प्रदर्शन झाले, तेव्हाही हातात हातोडी आणि लेव्हल घेऊन मीच उभा होतो. त्या दोन प्रदर्शनांमधल्या पाच वर्षांत जे घडले ते मी जवळून पाहिले आणि आता इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमीजिएटला स्थिरचित्र आणि दोन्हीकडे स्मरणचित्र अशी आमची वाटणी. समोर दिसते ते काढणे आणि आठवते ते काढणे यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मुलांना सांगताना मी कायम अडखळत आलो. या प्रकरणात ते मला पहिल्यांदा नीट दिसले.

चित्रकर्तीने नाव घालू नका असे सांगितले आहे. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, म्हणून इथेही ताई.

ताईंचे शिक्षण मुंबईत झाले, घर मात्र कायम सांगलीत. यजमान मालवाहू बोटीवर इंजिनिअर होते. अधिकाऱ्यांच्या पत्नीला काही सफरींवर सोबत जायची मुभा असे. त्या मुभेवर 2006 ते 2017 या काळात ताईंनी आठ सफरी केल्या. इटलीतले रॅव्हेना, तुर्कीतले इस्तंबूल, मेक्सिकोतले व्हेराक्रूझ, जपानमधले कोबे. नावे ऐकली की माणसाला वाटते, काय जग पाहिले असेल! प्रत्यक्षात बोट बंदरात एक-दोन दिवस असायची, आणि परवाने, गेट, टॅक्सी यांतून सुटून गावात हिंडायला मिळायचे ते पाच-सहा तास. मग पुन्हा दोन-दोन, तीन-तीन आठवडे नुसते पाणी.

वह्या चौदा भरल्या. त्यांत दोन तऱ्हेची चित्रे होती आणि सगळे प्रकरण या फरकावर उभे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बंदरातली चित्रे जलरंगात, भराभर केलेली. मशिदीचे घुमट, मासळीबाजार, रंगीत दारे, चढाच्या गल्ल्या. बोटीवरची चित्रे मात्र पेन्सिलीत. त्याचे कारण अगदी साधे. बोट डोलत असताना टेबलावर पाण्याची वाटी ठेवता येत नाही. जेवणाच्या टेबलालासुद्धा कडेने पट्टी उंच केलेली असते, आणि समुद्र खवळला की टेबलावर ओला कपडा अंथरतात, म्हणजे ताटे घसरत नाहीत. तिथे ब्रश बुडवायचा कशात? म्हणून केबिनमध्ये बसून ताई पेन्सिलीने समोर असेल ते काढत. प्यायचा मग, साबणाची डबी, यजमानांचे लोखंडी टोकाचे बूट, किटली. बाजूला बारीक अक्षरात टीप: ‘मग दोन बोटे सरकला.’ ‘किटलीची उंची एक वीत, तोटी चार बोटे.’ छाया कुठेच नाही. मी त्याचे कारण विचारले, तर म्हणाल्या, “सर, बोटीनं दिशा बदलली की खिडकीतलं ऊन खोलीभर फिरतं. दहा मिनिटांत सावली उजवीची डावीकडं. मग मी सावलीचा नादच सोडला. आकार तेवढा धरला.”

2018 च्या पुण्याच्या प्रदर्शनासाठी ताईंनी बंदरांची पाने निवडली. त्यावरून अॅक्रिलिकमध्ये बत्तीस कॅनव्हास केले. पेन्सिलीची पाने कुणाला दाखवलीही नाहीत. “ती काय, वेळ घालवायला काढलेली,” असे त्यांचे म्हणणे. चित्रे वाईट नव्हती, रंग तर देखणे होते. पण तीन दिवस दाराशी बसून मी एक गोष्ट पाहिली. येणारा माणूस चित्रापुढे उभा राही, विचारी, “हे कुठलं?” इस्तंबूल म्हटले की मान डोलावी आणि पुढे जाई. गावाचे नाव कळले की त्याचे चित्राशी काम संपत होते. एका बाईंनी कौतुकानेच म्हटले, “आम्हीपण इथं गेलो होतो, अगदी असंच आहे.” ताईंचा चेहरा त्या वाक्यावर पडला. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवे होते, कारण दोष मला दिसत होता. ती स्मरणचित्रे होती आणि स्मरण होते पाच तासांचे. जिथे आठवण अपुरी पडली तिथे पाहिलेली छापील चित्रे, कॅलेंडरे, इतरांचे फोटो येऊन बसले होते.

परत येताना गाडीत ताईंनी बोलोन्याची हकिगत सांगितली. बोट रॅव्हेनाला धान्य उतरवत होती, तेव्हा त्या आगगाडीने तिथून बोलोन्याला गेल्या, केवळ जॉर्जो मोरांदी या चित्रकाराची चित्रे पाहायला. मोरांदी (1890–1964) जवळजवळ जन्मभर त्याच गावात राहिला, इटलीबाहेर फारसा गेला नाही. त्याने बाटल्या, बरण्या, डबे, फुलदाण्या काढल्या, आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा काढल्या. बाटल्यांची लेबले काढून टाकायचा, काहींना मंद रंग फासायचा, म्हणजे काच चकाकू नये. वस्तूंवर धूळ बसू द्यायचा. टेबलावर कागद अंथरून कोणती बाटली कुठे होती याच्या खुणा करून ठेवायचा. “मला तेव्हा काही कळलं नाही,” ताई म्हणाल्या. “बाटल्याच बाटल्या. वाटलं, पाच तास वाया गेले. स्टेशनाजवळच्या दुकानातून एक मोका पॉट घेतला आणि परत आले.”

मोका पॉट म्हणजे इटलीतल्या घराघरांत कॉफीसाठी असते ते आठ पैलूंचे अॅल्युमिनियमचे भांडे. 1933 पासून त्याचा आकार फारसा बदललेला नाही. खालच्या भागात पाणी उकळते, वाफेच्या दाबाने ते कॉफीतून वर चढते. ताईंच्या घरी तो काचेच्या कपाटात जाऊन बसला. शेजारी इस्तंबूलचा बारीक कमरेचा चहाचा ग्लास, कोबेची माडाच्या केसरांसारख्या तंतूंची घासणी, आणि व्हेराक्रूझहून आणलेले मोल्काखेते, म्हणजे मिरची वाटायचे तीन पायांचे दगडी भांडे. ते बोटीने आले म्हणून बरे. विमानात वजनालाच अडले असते.

ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. सांगलीत धोक्याची पातळी 45 फूट मानतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. गावभागातले कितीतरी घर आठवडाभर पाण्यात होते. ताईंनी माळ्यावर भांडी चढवली, आईंची औषधे घेतली आणि बोटीतून बाहेर पडल्या. “इतक्या बोटींतून फिरले, पण स्वतःच्या गल्लीतून बोटीनं जाताना रडू आवरेना,” हे त्यांनी मला नंतर सांगितले. वह्यांची ट्रंक खालच्या खोलीत राहिली.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा मी तिथे होतो. वास अजून नाकात आहे. वह्या फुगून विटांसारख्या झालेल्या. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नयेत. डीप फ्रीजर हाताशी असेल तर वही तशीच पिशवीत घालून गोठवावी. बुरशी थांबते आणि सवडीने एकेक पान सोडवता येते. आमच्याकडे वीजच नव्हती. धुतलेल्या जुन्या धोतराचे तुकडे पानांमध्ये सरकवले, दर दोन तासांनी बदलले, आणि वह्या सावलीत, पंखा नाही म्हणून पुठ्ठ्याने वारा घालत वाळवल्या. वर्तमानपत्र मुद्दाम वापरले नाही, त्याची शाई उतरते. चार वह्यांचा लगदाच झाला होता. दहा वाचल्या.

त्या दहांत काय राहिले? जलरंग वाहून गेले होते. घुमट, दारे, बाजार यांच्या जागी तपकिरी गाळाचे ढग. पेन्सिल जशीच्या तशी. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, त्याला पूर काय करणार! बंदरे गेली आणि प्यायचा मग, किटली, बूट, साबणाची डबी राहिली, मापांच्या टिपांसकट. ताई जमिनीवर बसून एकेक पान पाहत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग किटलीच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही मला डोळे मिटून काढता येईल, सर. घुमट नाही येणार.”

त्या डिसेंबरमध्ये आम्ही सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेलो. औंधचे वस्तुसंग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभे केले. राजे स्वतः चित्रकार होते. सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात, ताई आणि मी दोघेही लहानपणी गेलेलो. तिथे इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडातले छोटे ‘माता आणि मूल’ आहे. लहानपणी आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिले नव्हते. आम्हाला राजा रविवर्म्याच्या चित्रांचे अप्रूप. या वेळी ताई त्या दगडापुढून हलेनात. मूर ज्या दगडांपासून शिकला त्यांत मेक्सिकोतल्या प्राचीन मूर्ती होत्या, आणि त्या त्याने संग्रहालयात आणि पुस्तकांत पाहिल्या. मेक्सिको त्याने पाहिले ते फार नंतर. म्हणजे तिकडच्या दगडाचे वजन एका इंग्रजाच्या हातातून औंधच्या डोंगरापर्यंत पोचले. “आणि माझ्याकडं खराखुरा मेक्सिकोचा दगड आहे, तो मी कपाटात ठेवलाय,” ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी ते काचेचे कपाट रिकामे केले. त्यांच्या कामात खरा फरक इथून पडला असे मी धरतो. पूर नव्हे, हे. पुरात काय उरते ते नशिबाने ठरले. कपाट मात्र त्यांनी ठरवून रिकामे केले. नियम असा घातला की बाहेरून आणलेली वस्तू निदान एक वर्ष स्वयंपाकघरात वापरायची, त्याआधी तिचे चित्र काढायचे नाही.

मोल्काखेते आधी घेतले. आपल्याकडे पाट्याला टाकी लावणारे पाथरवट अजून अधूनमधून येतात. त्यांच्यापैकी एकाला ताईंनी ते दाखवले. त्याने हातात घेतले, उलटे केले, अंगठ्याने चाचपले. “दगड आपलाच दिसतोय बाई, फकस्त भोकं जास्ती हायत.” आणि मग, “याला टाकी कशाला लावता? द्येवानंच लावून दिलीया.” त्याचे दोन्ही म्हणणे बरोबर होते. मोल्काखेते ज्वालामुखीच्या सच्छिद्र बेसॉल्टचे असते, आणि आपला काळा पाषाण तोही बेसॉल्टच. नवा पाटा घरात आला की त्यावर तांदूळ वाटून कच काढतात, तिकडेही या भांड्यात तांदूळ वाटूनच कच काढतात. ताईंनी चार वेळा तांदूळ वाटला, पाचव्यांदा पीठ पांढरे निघाले. मग लसूण-मिरची. ते शहाबादी फरशीवर डुगडुगायचे म्हणून खाली चुंबळ ठेवली. ती चुंबळ पुढे चित्रात आली, आणि माझ्या मते त्या चित्रातली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे.

मोका पॉटचे वेगळे झाले. आपल्या गॅसचा जाळ मोठा, त्यात त्याची मूठ वितळून खाली वाकली. त्यावर कामाच्या मावशींनी एक दिवस भांड्यांच्या पावडरीने आणि काथ्याने तो असा घासला की पैलूंची चकाकी कायमची गेली. “लई काळं झालतं ताई, घासून काढलं बगा.” ताईंना दोन दिवस वाईट वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्यांनी तो खिडकीत ठेवला तेव्हा पहिल्यांदा त्याचे आठ पैलू आठ वेगवेगळ्या करड्या छटांत दिसले. आधी नुसती चमक दिसायची. मोरांदी बाटल्यांना मंद रंग का फासत होता, हे त्यांना बोलोन्यात उमगले नव्हते. ते मावशींच्या काथ्याने उमगले.

तुर्की ग्लास आईंच्या हातात गेला. सांधे आखडलेल्या बोटांना स्टीलचा पेला सुटायचा, हा कमरेत बारीक असल्याने नेमका धरता यायचा. करोनाच्या दोन वर्षांत त्यातून त्यांनी रोज काढा घेतला. सव्वीस चित्रांत माणसाचा अवयव एकाच चित्रात आहे, तो हा हात.

बाहेरून आलेली वस्तू वापरात पडली की ती इथली होते, याचा दाखला आपल्याकडे जुना आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगली आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि 1707 हे साल आहे. ती पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा हाती आली. ती देवळापाशी टांगली गेली आणि घाटावर येणाऱ्यांनी ती वाजवली. ताईंना मी तिथे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तिचे चित्र काढले नाही, नुसती वाजवून पाहिली. मला ते आवडले.

आता चित्रांच्या बांधणीबद्दल, कारण चित्रकाराला त्यातच खरा रस असणार. ताईंची पहिली चार-पाच वस्तुचित्रे मला पटली नव्हती. वस्तू खऱ्या होत्या, घासलेल्या होत्या, तरी ती कुठल्यातरी युरोपी भिंतीवरची वाटत होती. कारण शोधायला आम्हाला महिना लागला. त्यांनी वस्तू टेबलावर मांडल्या होत्या आणि खुर्चीवर बसून काढल्या होत्या. नजर भांड्याच्या तोंडाच्या जरा वर, त्यामुळे तोंडाचा लंबगोल अरुंद, मागे टेबलाची कड आडवी. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात भांडी जमिनीवर असतात. उभ्या माणसाला ती वरून दिसतात, तोंडे जवळजवळ गोल, आतला काळोख दिसतो, तळाशी काय आहे ते दिसते. पाटावर बसले की तीच भांडी डोळ्यांसमोर येतात आणि मागे भिंत नसते, पलीकडच्या माणसाचे गुडघे असतात. परीक्षेत आमची मुले टेबलावरच्या मांडणीचीच सवय करतात आणि मीही तीच शिकवत आलो. ताईंनी टेबल काढून टाकले. फरशी हीच पार्श्वभूमी. गडू, तपेली, मोका, मोल्काखेते उभ्याने, वरून पाहून. लंबगोल उघडले आणि चित्रे घरी आली. तेव्हापासून मी वर्गात महिन्यातून एकदा भांडी जमिनीवर मांडतो. मुले आधी कुरकुरतात, मग त्यांना आवडते.

हळदीचा प्रयोग फसला, तोही नोंदवतो. सांगलीची हळद, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. पिवळा रंग तोच घ्यावा असे ताईंच्या मनात बसले. डिंकात खलून केलेला रंग ओला असताना इतका जिवंत दिसला की मीही भुललो. मग एका पट्टीवर तो लावून अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवली. तीन आठवड्यांत उघडा भाग जुन्या पंच्यासारखा पांढुरका झाला. हळदीतले कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. चुन्याची निवळी लागली तर ते लाल होते, हळदीचे कुंकू त्यावरच होते, पण म्हणून उजेडापुढे ते तग धरत नाही. शेवटी कॅडमियमचा पिवळा आणि पिवळी माती यांवर काम भागवले. एक चित्र मात्र ताईंनी हळदीतच ठेवले, आणि घेणाऱ्याला तसे लेखी दिले की याचा पिवळा जाणार आहे. त्यावर आमचा वाद झाला, अजून आहे. माझे म्हणणे असे की विकत दिलेल्या चित्राने टिकले पाहिजे. ताईंचे म्हणणे की हळद लावलेली कुठली गोष्ट टिकते, सर?

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आले. या वेळी वह्या माळ्यावर होत्या, भांड्यांच्या शेजारी.

जानेवारी 2023 चे प्रदर्शन घरातच करायचे, हा ताईंचा हट्ट होता. हॉल मिळत होता. मी दोन दिवस समजावले आणि सोडून दिले. भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून आहे. तिच्यावर चुना मारू दिला नाही. चित्रे त्या रेघेच्या खाली लावली, म्हणजे जमिनीवर बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवर. जाजमे टाकली. लोक आले, चप्पल काढून बसले, बसल्यावर उठायची घाई कुणाला नसते. “हे कुठलं?” हा प्रश्न तीन दिवसांत मी दोन-तीनदाच ऐकला. बाकी जे बोलणे झाले ते असे: आमच्याकडं असा गडू होता, तो कल्हईला दिला तो परत आलाच नाही. या मुठीचं काय झालं? ह्या दगडात खोबरं चांगलं वाटलं जाईल का? एक म्हातारे गृहस्थ केबिनमधल्या मगाच्या चित्रापुढे बसून राहिले. ते रेल्वेत गार्ड होते. म्हणाले, चालत्या गाडीत कप असाच सरकतो. ताईंनी त्यांना पेन्सिलीचे मूळ पान दाखवले, ‘मग दोन बोटे सरकला’ ही टीप वाचून ते हसले आणि आपली दोन बोटे पानावर ठेवून मोजू लागले.

नऊ चित्रे गेली. पुण्यात पाच गेली होती, पण किमतीही तिथे जास्त होत्या, तेव्हा आकड्यांवरून मी काही म्हणत नाही.

सव्विसावे चित्र अर्धेच लागले होते आणि आजही अर्धे आहे. त्यात ताईंच्या सासूबाईंचा पाटा आहे, जो पुरात जागचा हलला नाही, आणि त्याला टेकून मोल्काखेते. दोन काळे दगड, एक सपाट, एक खोलगट. अडचण अशी की पाटा रोजच्या वापरातला. ताई नऊला बसतात. अकरा वाजले की मावशी येतात, “घेऊ का?” म्हणतात, पाटा उचलून चटणीला नेतात. दुसऱ्या दिवशी तो जागेवर परत यावा म्हणून ताईंनी फरशीवर खडूने त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या आहेत. दुपारी मावशी फरशी पुसतात, तेव्हा तेवढ्या चार खुणा चुकवून पुसतात.